अजूची जागा

१

महालक्ष्म्यांचं जेवण आटोपलं, शेवटची सवाष्ण ओटी सावरत जिना उतरली, की वझलवारांच्या घरात दरवर्षी एक फोटो निघायचा. घर जबलपूरच्या राइट टाउनमधल्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. समोरच्या खोलीत भिंतीशी ज्येष्ठा आणि कनिष्ठा भरजरी लुगडी नेसून उभ्या, वर फुलोऱ्याच्या करंज्या-पापड्या लोंबताहेत, खाली पट्ट्यापट्ट्यांची सतरंजी, आणि सतरंजीवर घरातली माणसं ओळीनं. आधी रत्नाकर, मग त्यांचा पुतण्या वेदांत, मग शैलजा, मग एक माणूस मावेल एवढी मोकळी जागा, आणि त्या जागेच्या पलीकडे दुर्वा.

“दुर्वा, सरक न जरा. अजूची जागा सोड.”

“सोडली न आई. अजून किती सोडू? ट्रक लावायचा आहे का तिथं?”

“ट्रक कशाला, माझा पोरगा लावायचा आहे. आता काय तेवढासा राहिला असेल तो?”

वेदांत नागपूरहून बदली होऊन इथल्या बँकेत आला होता आणि काकांकडेच राहत होता. तो म्हणाला, “काकू, दादाला म्हणा लवकर ये, माझे पाय दुखून राहिले.” सगळे हसले. कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकला आणि फोटो निघाला.

अजू म्हणजे अजिंक्य, शैलजाचा थोरला. दहावीच्या वर्षी एका संध्याकाळी तो शिकवणीला म्हणून सायकलवर गेला, तो परत आलाच नाही. सायकल तिलवारा घाटाच्या अलीकडे एका झाडाला टेकवलेली सापडली. पोलिसांनी बुड्या मारायला गोताखोर उतरवले, नर्मदेच्या पात्रात दोर सोडले, हाती काही लागलं नाही. सगळ्यांनी मनातल्या मनात काय ते समजून घेतलं. एकट्या शैलजानं नाही. सायकलला कुलूप लावलेलं होतं, एवढं तिनं धरून ठेवलं. “बुडायला जाणारा कुलूप लावून जाते का?” ती म्हणायची. “ज्याला परत यायचं असते तोच लावते.”

त्या कुलपावर तिनं सगळं आयुष्य टांगलं. सोमवार धरले, प्रदोष धरला, संकष्टीला चंद्र दिसेपर्यंत पाण्याचा थेंब घेतला नाही. अजूच्या नावानं कधी श्राद्ध झालं नाही, त्याच्या फोटोला कधी हार चढला नाही. आणि महालक्ष्मीपुढे घर भरलेलं दिसलं पाहिजे, म्हणून त्याची जागा सोडून फोटो काढायची पद्धत तिनंच पाडली.

ती जागा भरायचं काम दुर्वाचं.

२

दुर्वा घरी बसून एडिटिंग करायची. सराफ्याच्या एका गल्लीतला स्टुडिओ तिला लग्नाचे फोटो पाठवायचा आणि ती ते निस्तरायची. मिटलेले डोळे उघडायचे, नवरदेवाच्या काखेतला घाम पुसायचा, रुसून बसलेल्या आत्याच्या ओठांवर दुसऱ्या फोटोतलं हसू आणून लावायचं. एकदा तर वरात गेल्यावर पोहोचलेल्या मामांना तिनं पहिल्या पंगतीत बसवून दिलं होतं. “ते मामा फोटो पाहून रडले म्हणे,” ती सांगायची. “आपण होतो तिथं, असं त्यांना खरंच वाटायला लागलं.”

पहिल्या वर्षी तिनं अजूला शाळेच्या ओळखपत्रावरून उचलून मोकळ्या जागेत ठेवलं. भाद्रपदाच्या उकाड्यात पोरगं स्वेटर घालून उभं. तरी शैलजानं तो फोटो छातीशी धरला. पुढच्या वर्षी मात्र तिनं तोंड वाकडं केलं.

“हा एवढासाच काहून?”

“फोटोच तेवढा आहे न त्याचा.”

“तू वाढली, तो वाढला नसेल? ओठावर मिसरूड आलं असेल आता.”

“आई, यात हवेतून काही येत नाही. कुठूनतरी घ्यावं लागते.”

“मग घरातलं घे. बाहेरच्या कोणाचं नको लावू माझ्या लेकराला.”

तिथून ते सुरू झालं. रुंद खांदे रत्नाकरांचे घेतले. उंची वेदांतची घेतली. अजूचं तोंड ओळखपत्रात गप्प मिटलेलं होतं, म्हणून हसूही वेदांतचंच आलं, दात दाखवून हसणारं. एकाचं अंग दुसऱ्याला लावलं की शिवण दिसू नये म्हणून आजूबाजूचा रंग थोडा थोडा ओढून वर पसरायचा, हे काम दुर्वा इतक्या हळुवार हातानं करायची, की शेजारच्या शकूकाकू एकदा फोटो बघून चक्क म्हणाल्या, “अजिंक्य आला होता का हो? आम्हाला सांगितलं नाही!” त्या दिवशी शैलजानं त्यांना दोनदा चहा पाजला.

दरवर्षी दुर्वा आदल्या वर्षीच्या अजूवरच पुढचं काम करायची. फाईल जड होते म्हणून सगळे थर एकमेकांत चिकटवून एक करून टाकायची. एकदा चिकटले की मग कोणाचं काय होतं ते कोणालाच सुटं करता येत नाही.

आणि तिसऱ्या दिवशी, देवी जायच्या आधी, शैलजा तो छापून आणलेला फोटो दोन्ही मुखवट्यांच्या मधे ठेवायची. हळदकुंकू नाही, फूल नाही, ते गेलेल्यांना. पहिल्या दिवशी ज्या अक्षता टाकून देवीला मुखवट्यांत बोलवायचं, त्यातल्याच चार ती बाजूला काढून ठेवायची आणि फोटोतल्या अजूवर टाकायची. म्हणायची, “माय, तू येतेस तसं यालाही येऊ दे.”

३

यंदा फोटो निघाला त्याच दुपारी दुर्वा आतल्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसली आणि शैलजा नेहमीसारखी शेजारी स्टूल घेऊन टेकली. पाय पुरणाच्या कामानं ठणकत होते, पण वर्षातला हा तास तिला कोणी मागितला असता तरी तिनं दिला नसता.

“वेदांत हसला नाही काहून?” तिनं विचारलं.

पडद्यावर वेदांतचे ओठ पेन्सिलीनं एक रेघ ओढावी तसे होते. दुर्वानं बाहेर हाक मारली. वेदांत दारात आला, फोटो पाहिला. “मी तर चांगला हसलो होतो, काकू. सगळेच हसले न तेव्हा?” असं म्हणून तो पुन्हा हसला असावा, कारण त्याचे खांदे हलले. चेहरा तसाच राहिला. शैलजाला एकदम जाणवलं, या पोराचे दात आपण कितीतरी दिवसांत पाहिले नाहीत. बँकेत काम फार असतं, ती मनात म्हणाली. इकडे पोरं पार पिळून निघतात.

तो गेल्यावर दुर्वा हळूच म्हणाली, “आई, हे बघ. मी अजून यात काहीच केलं नाही हं. जसा कॅमेऱ्यातून आला तसाच आहे.”

तिनं फोटो मोठा केला. मोकळी जागा. सतरंजीचे लाल-निळे पट्टे. ते पट्टे दोन ठिकाणी दबलेले होते, जसे कोणी अनवाणी उभं राहिलं की दबतात. टाचेपाशी खोल, बोटांपाशी पसरट.

“कोणी सवाष्ण उभी राहिली असेल,” शैलजा म्हणाली.

“सगळ्या जेवून केव्हाच घरी गेल्या होत्या. सतरंजी मी नंतर अंथरली.”

“मग तूच असशील, कॅमेरा लावताना.”

“असेन,” दुर्वा म्हणाली. पण तिनं फोटो मोठा केलेला होता तो घाईनं लहान केला.

मग अजू उभा राहिला. गेल्या वर्षीचाच, त्याला यंदाचा उजेड दिला, यंदाची सावली दिली. शैलजानं डोळे बारीक करून बराच वेळ पाहिलं. काहीतरी खटकत होतं आणि ते काय, हे एकदम तिच्या लक्षात आलं. सगळं अंग तरण्याताठ्या पुरुषाचं आणि डोळे अजून ओळखपत्रातले, शाळकरी, कागदी.

“याच्या डोळ्यांत जीव नाही ग.”

“आई, आता डोळे कुठून आणू? बाबांचे थकलेले, वेदांतचे घारे.”

“तुझे घे. तुम्हा दोघांचे तसेही सारखेच.”

दुर्वानं माऊस बाजूला सारला. मग म्हणाली, “चलो, ठीक आहे.” खिडकीपाशी जाऊन उजेडाला तोंड करून उभी राहिली आणि मोबाईल आईच्या हातात दिला. “माझ्याकडे बघ आणि दाब.”

शैलजानं दाबलं. एकदा नाही जमलं, दुसऱ्यांदा जमलं. “डोळे छान आले,” ती पडद्याकडे बघत म्हणाली. “बाकी चेहरा जरा हलला, पण तो आपल्याला कुठं लागते.”

तिसऱ्या दिवशी तिनं फोटो देवीपुढे ठेवला आणि अक्षता टाकल्या. अजू तिच्याकडे बघत होता. या वर्षी खरोखर बघत होता.

४

देवी गेल्या, घर रिकामं वाटायला लागलं, आणि मग पितृपक्ष लागला.

“शैला,” रत्नाकर एका सकाळी चहाच्या वेळी म्हणाले, “आता तरी त्याच्या नावानं पाणी सोडून येऊ दे मला. बाबांचं करतोच आहे ग्वारीघाटावर. एक ओंजळ अजून.”

“तुमचा तर हात वर जात नाही.”

“पाणी सोडायला जेवढा लागते तेवढा जाते.” त्यांचा उजवा खांदा गेली काही वर्षं आखडत आखडत पार लाकूड झाला होता. डॉक्टर वय म्हणत, ते स्वतः थंडी म्हणत.

“जिवंत पोराला पाणी सोडता?” शैलजानं कप असा ठेवला की चहा बशीत सांडला. “थोडी कळ काढा. मला वाटून राहिलं, यंदा काहीतरी होणार आहे.”

तिला खरंच वाटत होतं, आणि त्याला कारण होतं, पण ते ती कोणाला सांगत नव्हती. रोज दुपारी ती स्वयंपाकघरात ओट्याशी उभी असली, की मागच्या गॅलरीत पाऊल वाजायचं. अनवाणी, जड, सावकाश. गॅलरीच्या दारापासून निघायचं, पॅसेजमधून यायचं आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबायचं. पहिल्या दिवशी तिनं माकड म्हणून लाटणं उचललं. जाऊन पाहिलं तर गॅलरीला कडी. वरच्या मजल्यावरचं असेल, म्हणाली, पण वरचे लोक भोपाळला गेलेले. फरशीखालचा नळ असेल. जुन्या घराला आवाज असतात. एकेक कारण तिनं भाजी निवडल्यासारखं निवडलं आणि एकेक टाकून दिलं.

पुढे पुढे तिनं वळून पाहायचंच सोडलं. वळलं की काही नसणार, आणि न वळता उभं राहिलं की पाठीला कोणीतरी असल्याचं ऊन लागतं. मग ती हळू आवाजात बोलायला लागली. “आज कढी आहे. तुला आवडायची.” आणि कढी ढवळता ढवळता तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं, ते सुखाचंच, असं तिला वाटायचं.

दुर्वाकडे तिचं लक्ष जरा उशिरानं गेलं. दुर्वा चहा कपाच्या बाजूला ओतू लागली होती. दाराच्या चौकटीला खांदा धडकवत होती. स्टुडिओचं काम परत पाठवत होती. वेदांत तिला स्कूटरवर घालून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी सगळी यंत्रं लावून पाहिली आणि म्हणाले, “आँखें तो एकदम बढ़िया हैं, बिटिया. स्क्रीन कम देखा करो.”

“मग काय होते ग तुला?” शैलजानं विचारलं.

“दिसते, पण समोरचं नाही दिसत,” दुर्वा म्हणाली. “मधेच दुसरंच काही येते. घरातलंच असते. कसं सांगू.”

“उपास कर एक संकष्टीचा,” शैलजा म्हणाली. “मी पण करते तुझ्यासाठी.”

५

त्या दुपारी शैलजा ओट्याशी उभी राहून वडे थापत होती. पाऊल येऊन उंबऱ्याशी थांबलेलं होतं. बाहेरच्या खोलीतून, मधे दोन भिंती सोडून, दुर्वाचा आवाज आला.

“आई, तुझ्या पदराला मागून हळद लागली.”

शैलजानं पदर पुढे ओढून पाहिला. पाठीवरच्या भागावर पिवळं बोट उमटलेलं होतं. तिला स्वतःला ते कधी दिसलं नसतं.

“तू बाहेर बसून तुला कसं दिसलं?”

मग दुर्वा बोलली, आणि तिचा आवाज एखाद्या लहान पोरीचा असतो तसा बारीक झाला होता.

“मला तूच दिसून राहिली, आई. पाठमोरी. ओट्याशी. तेलाची कढई डाव्या हाताला आहे. मी डोळे मिटले तरी तूच दिसते.”

कढईत वडा करपायला लागला. शैलजा हलली नाही. भीतीच्या तळाशी, नको तिथं, एक आनंदाची उकळी फुटत होती. आहे. म्हणजे आहे. कुलूप लावून गेलेला परत आला आहे आणि आईच्या मागे उभा आहे.

“कसा आहे ग तो?” तिनं विचारलं.

“तो?” दुर्वा म्हणाली. “आई, तो कसा आहे विचारते? मला माझा हात दिसत नाही. मी तोंडासमोर धरला आहे, मला तो दिसत नाही. मला फक्त तुझी मान दिसते.”

“रागवू नको ग. काय करून राहिला तो, एवढंच सांग.”

“काही नाही करत. नुसता बघते. त्याची पापणी लवत नाही, आई. इथं माझे डोळे जळून राहिले.”

शैलजा धावत बाहेर गेली. दुर्वा दिवाणावर बसली होती. दोन्ही डोळे उघडे, लाल, पाणावलेले, आणि रोखलेले समोरच्या भिंतीवर, जिथं काहीच नव्हतं. शैलजानं तिच्या पापण्या बोटांनी मिटल्या. दुर्वानं आईचा हात घट्ट धरला.

“आता तू दिसत नाहीस,” ती म्हणाली. “आता ओटा दिसते. नुसता ओटा. आणि... आई, तो निघाला. पॅसेज दिसून राहिला. तो तुला शोधून राहिला.”

६

“त्याला फोटोतून काढून टाक,” दुर्वा म्हणाली.

रत्नाकर ग्वारीघाटावर गेले होते, वेदांत बँकेत. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं, खाली भंगारवाला ओरडत चालला होता. दुर्वाला आतल्या खोलीत पलंगावर बसवून शैलजा तिच्या हाताशी बसली होती. दार तिनं आतून लोटून घेतलं होतं, कडी लावावी की नाही हे तिला ठरवता आलं नव्हतं.

“नुसते तुझे डोळे काढून घेता येणार नाही का ग? बाकीचा राहू दे.”

“नाही न येत. मी सगळं चिकटवून टाकलं. बाबांचा खांदा, वेदांतचं हसू, माझे डोळे, सगळं आता त्याचंच आहे. पूर्ण काढावा लागेल.”

“आणि जुने? मागच्या वर्षीचा, त्याच्या मागचा?”

“ते मी ठेवले नाही. त्याच्यावरच पुढचा केला दरवेळी.” दुर्वानं चाचपडत आईचा गुडघा शोधला. “आई, तुला करावं लागेल. मला पडदा दिसत नाही. मी सांगते तसं कर. तू किती वर्षं शेजारी बसली, तुला येते.”

शैलजाला येत होतं. कुठलं चिन्ह दाबलं की खोडायचा ब्रश येतो, कुठलं दाबलं की एक पाऊल मागे जाता येतं, हे तिनं न शिकता शिकलेलं होतं. पण माऊसवर हात ठेवल्यावर तो हात तिचा वाटेना. एवढी वर्षं लोक तिला सांगत होते, सोड त्याला. तिनं सासूचं ऐकलं नाही, नवऱ्याचं ऐकलं नाही, घाटावरच्या गुरुजींचं ऐकलं नाही. आता तेच तिला स्वतःच्या बोटानं करायचं होतं, आणि करून घेणारी कोण, तर तिचंच दुसरं लेकरू.

“माय,” ती देवीला म्हणाली, “याला घेऊन जा, पण सांभाळून ने.” आणि तिनं पायांपासून सुरुवात केली. चेहऱ्यापासून करायची तिची छाती झाली नाही.

ब्रश फिरला तसे अजूचे पाय पुसले गेले. त्यांच्या जागी सतरंजीचे पट्टे आपोआप जुळत आले, लाल, निळा, लाल. कोणी तिथं कधी उभंच नव्हतं असे.

पॅसेजमध्ये पाऊल वाजत येत होतं. ते मधेच थांबलं.

मग काहीतरी पडलं. धान्याचं पोतं खांद्यावरून सुटावं तसं, जड, मऊ. आणि त्यानंतर एक आवाज आला. अजू लहानपणी जिन्यावरून पडला, की आई रागावेल म्हणून ओठ दाबून रडायचा. तसा. दाबलेला. मग फरशीवर काहीतरी घासत, थांबत, पुन्हा घासत पुढे येऊ लागलं.

“काय झालं?” दुर्वा ताडकन म्हणाली. “आई, सगळं खाली खाली दिसून राहिलं. फरशी दिसते. थांबू नको. आई, थांबू नको, काढ!”

शैलजाचं बोट माऊसवर होतं. गुडघे राहिले होते, कंबर, ते रुंद खांदे, ते हसू. घासण्याचा आवाज दाराच्या फटीशी आला. दाराच्या खालच्या भागाला काहीतरी लागलं, अगदी हळू, ठोठावल्यासारखंही नाही.

तिनं एक पाऊल मागे जायचं बटण दाबलं.

सतरंजीवर पाय परत आले. टाच, घोटा, बोटं.

दाराबाहेर कोणीतरी उठून उभं राहिलं.

“काढलं?” दुर्वानं विचारलं.

“काढलं,” शैलजा म्हणाली.

“पूर्ण?”

“पूर्ण, बाळा. आता तुला बरं वाटेल. थोडा वेळ लागेल, देवीवर भरवसा ठेव.” आणि हे बोलताना तिचा त्यावर विश्वासही होता. दोन्ही राहतील. का नाही राहणार? पुढच्या वर्षापर्यंत काहीतरी मार्ग निघेल. ती एखादं कडक व्रत धरेल. दुर्वासाठी कुठूनतरी डोळे मिळतील.

दाराची बिजागरी कुरकुरली. शैलजाच्या पाठीला ते ओळखीचं ऊन लागलं.

दुर्वा पलंगावर ताठ बसली होती, तिचं तोंड आईच्या बाजूला, पण नजर कुठंच नाही. तिच्या कपाळावर आठी आली.

“आई,” ती म्हणाली, “मग मला अजून तुझी पाठच काहून दिसते?”

इतके दिवस जे शैलजानं केलं नव्हतं ते आता केलं. खुर्चीचा हात धरून ती सावकाश वळली.

दारात तो उभा होता. खांदा चौकटीला लागलेला, आणि जिथं खांदा संपत होता तिथं चौकटीचा तपकिरी रंग त्याच्या अंगात थोडा ओढला गेला होता, सुकायच्या आत हात लागलेल्या रंगासारखा. हसत होता. पापणी लवत नव्हती. शैलजानं यापेक्षा जास्त पाहिलंच नाही, कारण तिचे डोळे भरून आले आणि सगळं पाण्यात बुडालं. तिनं दोन्ही हात पुढे केले.

मागून दुर्वाचा आवाज आला. तो आता घाबरलेला नव्हता, नुसता थकलेला होता.

“आता तुझा चेहरा दिसला,” ती म्हणाली. “किती माया आहे ग त्याच्यात. तू माझ्याकडे असं कधी पाहिलं नाहीस न, आई?”